पाईपफिश पाहायचा तर आधी त्याचं ताट शोधा

अंदमानात पहिले दोन दिवस मी पाईपफिश शोधत होते आणि तो मला दिसला नाही. तिसऱ्या दिवशी मासा शोधणं सोडलं. तो जे खातो ते कुठे साचत असेल, तेवढंच बघत पोहत राहिले. अर्ध्या तासात दोन दिसले, तेही अशा जागी जिथून मी आदल्या दिवशी तीनदा गेले होते.

तो तिसरा दिवस कसा गाठायचा, ते या लेखात सांगते. सुरुवात मात्र अंदमानात नाही, कोल्हापुरात करायची. समुद्र घाटाखाली असला तरी निम्मी तयारी रंकाळ्यासारख्या गोड्या पाण्यावर होते. ती केली नाही तर समुद्रात उतरून पैसेही जातात आणि मासाही दिसत नाही.

मासा कसला, ते आधी

समुद्रघोडा सगळ्यांना चित्रात तरी माहीत असतो. त्याला सरळ ताणला की जे होईल, तो पाईपफिश. मी मुलांना ‘नळीमासा’ सांगते. दोघांचं कुळ एकच, सिंग्नॅथिडी. ग्रीक भाषेत याचा अर्थ ‘जुळलेले जबडे’. या कुळात सुमारे ३०० जाती आहेत. अंगावर नेहमीसारखे खवले नाहीत, त्याऐवजी हाडांच्या कड्यांचं चिलखत. पुढे नळीसारखं तोंड आणि नळीच्या टोकाला इवलासा उघडा भाग. दात नाहीत. जठरही नाही. ही शेवटची गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण या माशाचा सगळा दिनक्रम तिच्यावर चालतो. अन्न साठवायला पोटात जागाच नसल्यामुळे तो दिवसभर थोडं थोडं, सतत खात असतो. खायला सतत मिळेल तिथेच तो राहू शकतो.

प्रवाळातले दोन प्रकार ओळखायला शिकलात तरी पुरे. पहिला कोरिथोइक्थिस. तो तळाला चिकटून, सापासारखा सरपटत फिरतो. अंगावर बारीक जाळीदार नक्षी, लांबी साधारण वीतभर किंवा थोडी कमी. दुसरा डोरिराम्फस एक्सायसस. हा जेमतेम सात सेंटिमीटरचा, नारिंगी अंगावर लांबलचक निळा पट्टा आणि शेपटीला पंख्यासारखा पर. काउप या जर्मन शास्त्रज्ञाने १८५६ साली त्याचं वर्णन केलं. हा सरपटत नाही. कपारीच्या छताखाली, पुष्कळदा उलटा होऊन तरंगतो आणि बहुधा जोडीने असतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्याचा पसारा आहे.

घरी आणायचा नाही

हे इथेच सांगून टाकते, कारण शाळेत पहिला प्रश्न हाच येतो. २००१ साली समुद्रघोड्यांसोबत या कुळातले सगळे मासे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. म्हणजे कायद्याने तेव्हा हा मासा वाघाच्या शेजारी बसवला. कोणी पिशवीत घालून विकायला दाखवला तर घेऊ नका.

कायदा बाजूला ठेवला तरी मी हेच सांगेन. माझ्या एका मैत्रिणीच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक पाईपफिश होता. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या दुकानातून आणलेला. दुकानदाराने सोबत सुक्या दाण्यांची डबी दिली होती. दाणे त्याच्या नाकासमोरून खाली पडत. तो प्रत्येक दाण्याकडे एक डोळा फिरवून बघायचा आणि सोडून द्यायचा. हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नाही. तीन आठवड्यांत त्याच्या अंगावरची कडी बाहेरून मोजता येऊ लागली आणि मग तो गेला. टाकीतले बाकीचे मासे धष्टपुष्ट होते. त्या टाकीसमोर बसून मला पहिल्यांदा कळलं, की या माशाचं घर आणि त्याचं जेवण वेगळं काढताच येत नाही.

पायरी पहिली: केंदाळाची बादली

पाईपफिशचं मुख्य अन्न म्हणजे कोपेपॉड. हे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, बहुतेक एक मिलिमीटरच्या आतबाहेरचे जीव. नाव परकं वाटेल, पण कोल्हापूरकरांच्या मागच्या पिढ्यांना यातला एक चांगलाच ठाऊक होता. नारूचा रोग आठवतो का? पायातून लांब दोऱ्यासारखी अळी निघायची. ती अळी पाण्यातल्या ज्या बारीक जिवाच्या पोटातून माणसात यायची तो सायक्लॉप्स, म्हणजे कोपेपॉडच. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, असं गावोगाव सांगितलं जायचं ते याच्यासाठी. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. नारू गेला, सायक्लॉप्स आहेतच.

ते पकडायचे असे. सकाळी तलावाच्या काठावर जा. रंकाळा, राजाराम, कळंबा, कुठलाही चालेल. एका बादलीत अर्धी बादली तलावाचंच पाणी घ्या. काठाला लागलेलं केंदाळाचं एक रोप उचला आणि त्याच्या काळसर, झुपकेदार मुळ्या बादलीत चांगल्या खळखळून झटका. असं चार-पाच रोपांचं करा आणि रोपं परत जिथली तिथे ठेवा. हातात रबरी मोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. तलावाच्या पाण्याची अवस्था आपल्याला माहीत आहे. लहान मुलं बरोबर असतील तर बादली काठापासून लांब आणून मगच त्यांना बघू द्या.

बादली दहा मिनिटं हलवू नका. गाळ खाली बसेल. मग वरचं पाणी दुहेरी सुती फडक्यातून गाळा आणि फडकं उलटं करून पांढऱ्या बशीतल्या थोड्या स्वच्छ तलावाच्या पाण्यात बुडवा. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने ते मरतात. आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. बशीत पांढुरके ठिपके झटके देत सरकताना दिसतील, थांबले, झटका, थांबले, झटका. तो सायक्लॉप्स. कपाळावर एकच लालसर डोळा. मादी असेल तर शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या, घोड्यावर टाकलेल्या पडशीसारख्या.

त्यानंतर हेच परत करा, पण या वेळी केंदाळ न झटकता मोकळ्या पाण्यातून अर्धी बादली घ्या. दोन्ही बशा शेजारी ठेवून ठिपके मोजा. मुळ्यांच्या बशीत किती गर्दी आहे ते बघून घ्या. प्रवाळातही हेच गणित आहे. मोकळ्या पाण्यातही कोपेपॉड असतात, पण हार्पॅक्टिकॉइड नावाचे तळाला राहणारे कोपेपॉड शेवाळाच्या बुटक्या गालिच्यात, मोडक्या प्रवाळाच्या तुकड्यांमध्ये आणि वाळूच्या कणांत दाटीने असतात. कोरिथोइक्थिस सरपटतो तो याच गालिच्यावरून.

पायरी दुसरी: ड्रॉपरने शिकार

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि तो वगळू नका, अशी विनंती. औषधाच्या दुकानात मिळणारा साधा ड्रॉपर घ्या, तोंड दोन-तीन मिलिमीटरचं. हा तुमचा पाईपफिश.

रबराचा फुगा आधीच दाबून धरा. आता बशीतल्या एका सायक्लॉप्सवर झटकन ड्रॉपर नेऊन फुगा सोडा. बहुतेक वेळा तो निसटलेला असेल. कोपेपॉडला दिसतं फारसं नाही, पण त्याच्या मिशांवरच्या केसांना पाण्याची हालचाल कळते, आणि कळल्यापासून उडी मारेपर्यंत काही मिलिसेकंदच जातात. वीस वेळा असं करा, किती मिळाले ते लिहा.

मग दुसरी पद्धत. ड्रॉपरचं टोक इतकं हळू सरकवा की पाण्याला कळू नये. सायक्लॉप्सपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर आलात की थांबा, आणि फुगा एकदम सोडा. हेही वीस वेळा. दोन आकडे शेजारी ठेवलेत की पाईपफिशची अर्धी कथा कळते. आपण लांबून ओढत असतानाही एक गोष्ट दिसली असेल: ओढ फक्त तोंडाजवळ असते. नळीच्या तोंडाच्या रुंदीइतकं लांब गेलं की ती जवळजवळ संपते. बारीक तोंडाच्या शिकाऱ्याला अगदी जवळ जाण्यावाचून गत्यंतर नाही.

पाईपफिश तेच करतो, पण त्याच्याकडे आपल्याकडे नसलेली एक युक्ती आहे. तो नळी किंचित खाली झुकवून सावकाश जवळ जातो. नेम जुळला की अख्खं डोकं एकदम वर फिरवतो. डोक्यामागच्या स्नायुबंधांत आधीच ताण भरून ठेवलेला असतो, ताणलेल्या गलोलीसारखा, तो सुटतो. नळीचं टोक भक्ष्यापर्यंत पोचतं आणि त्याच क्षणी गाल फुगून पाणी भक्ष्यासकट आत ओढलं जातं. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. आपल्या डोळ्याला फक्त डोकं ‘टिक’ झाल्यासारखं दिसतं. समुद्रघोड्याची मान वाकलेली असल्याने त्याला जरा लांबून झडप घालता येते. सरळ पाईपफिशला भक्ष्याला जवळजवळ टेकावं लागतं. समुद्रघोड्याच्या एका ठेंगण्या जातीवरच्या अभ्यासात असंही दिसलं, की त्याच्या डोक्याच्या आकारामुळे नळीच्या टोकाजवळचं पाणी जवळपास हलतच नाही आणि कोपेपॉडला चाहूल लागत नाही.

आता तुमची बशी जरा हलवत ठेवा, पाणी डुचमळू द्या आणि परत ड्रॉपर चालवून बघा. नेमच लागत नाही ना? म्हणून लाटांच्या माऱ्यात पाईपफिश शोधू नये. अन्न भरपूर असूनही पाणी खवळलेलं असेल तर त्याला जेवता येत नाही. अन्न, संथ पाणी आणि लपायला आडोसा, हे तिन्ही एकत्र आहेत अशी जागा शोधायची. इथून पुढचा सगळा लेख त्याच शोधाचा आहे.

झाल्यावर बशीतलं पाणी त्याच तलावात सोडा. घरच्या माशांच्या टाकीत टाकू नका, रोग येतात.

पायरी तिसरी: तरंगत थांबायला शिका

पोहता येणं आणि पाण्यात एका जागी थांबता येणं यात फरक आहे. पंचगंगेत सूर मारत मोठी झालेली माझ्या ओळखीची माणसं स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून दोन मिनिटं स्थिर राहू शकत नाहीत, हातपाय चालूच. अंबाई टँकसारख्या पोहण्याच्या तलावात आधी सराव करा. मुखवटा चेहऱ्यावर पट्ट्याशिवाय लावा, नाकाने थोडी हवा ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. मग कमरेएवढ्या पाण्यात, तळाला एक रुपयाचं नाणं टाकून त्याच्यावर पालथं तरंगत राहा. पाच मिनिटं नाण्यावरून हलायचं नाही, पाय मारायचे नाहीत, फक्त श्वास. हे जमलं की पुढच्या पायरीला जा. जमलं नसेल तर प्रवाळावर उतरू नका, कारण तोल गेला की माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि हाताला लागतं ते जिवंत प्रवाळ.

पायरी चौथी: मालवणला उजळणी

कोल्हापुरातून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गे मालवण गाठायचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. इथे खडकांवर प्रवाळ आहेत, शेवाळाचे गालिचे आहेत, मोडक्या तुकड्यांचे पट्टे आहेत. पाणी लक्षद्वीपसारखं नितळ नाही आणि पाईपफिश दिसेलच अशी आशा धरून जाऊ नका. मी मालवणला पाठवते ते जागा वाचायच्या सरावासाठी. पावसाळ्यात समुद्र बंद. दिवाळीनंतर गाळ बसला की जा. पाण्याखालचं रीतसर शिक्षण हवं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा केंद्र आहे.

दिवस निवडायला कोकणातला जुना हिशेब वापरा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. एकादशीला सव्वाआठ. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोराची असते, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कमी. माझी पसंती एकादशीच्या सकाळला: भरतीचं स्वच्छ पाणी सकाळीच मिळतं, ओहोटी लागायच्या आधी पाणी थोडा वेळ थबकतं आणि उधाणही टोकाला पोचलेलं नसतं. हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ आणि उतरण्याची जागा तिथल्या होडीवाल्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर उतरू नका.

पायरी पाचवी: जागा वाचणं

लक्षद्वीप किंवा अंदमानच्या प्रवाळावर पोचलात, असं धरू. (लक्षद्वीपला आधी परवाना काढावा लागतो, तो विसरू नका.) पाण्यात उतरल्यावर रंगीत प्रवाळाकडे धावू नका. पहिली पाच मिनिटं फक्त पाणी बघा. लाट कुठून येते? ती कुठल्या खडकावर फुटते आणि त्याच्या मागे कुठे शांत होते? तळाचे बारीक कण कुठे उडतायत आणि कुठे बसलेत?

त्या शांत बाजूला प्रवाळाच्या दोन ढिगांमध्ये वाळू आणि मोडक्या तुकड्यांची पट्टी असते. पर्यटक ती ‘इथे काही नाही’ म्हणून ओलांडून जातात. मीही तीनदा ओलांडली होती. तुकड्यांवर तपकिरी-हिरवं बुटकं शेवाळ असेल तर थांबा. ही तुमची केंदाळाची मुळी. तिच्यावर तरंगा, जसं नाण्यावर तरंगला होतात, आणि मासा न शोधता रेषा शोधा. शेवाळाचं पातं, समुद्री गवत, सगळं पाण्याच्या झोक्याबरोबर डुलतं. जी रेषा झोका चुकवून, स्वतःच्या तालात हलते, ती कोरिथोइक्थिस. पुढचा थोडा भाग तळापासून उचललेला, बाकीचं अंग तळावर. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात, एक तुमच्यावर, एक जेवणावर.

डोरिराम्फससाठी वाळू सोडून कपारीकडे जा. खडकाची पडवी, प्रवाळाच्या बुंध्याखालची पोकळी, लांब काट्यांच्या सागरी साळिंदरांचा (सी अर्चिनचा) घोळका. साळिंदराचे काटे त्याला कुंपणासारखे. हात आत घालू नका, काटे कातडीत मोडतात. बाजूने मंद टॉर्च मारा आणि छताकडे बघा, तळाकडे नाही. हा मासा इतर माशांच्या अंगावरचे परजीवीही टिपतो, तेव्हा एखादा मोठा मासा किंवा वाम कपारीत निवांत थांबलेली दिसली तर तिच्या आसपास जास्त वेळ द्या.

पायरी सहावी: जेवताना बघणं

दिसला की पहिली ओढ जवळ जायची होते. जाऊ नका. हातभरापेक्षा जास्त अंतर ठेवा, आणि पाय त्याच्या दिशेला येऊ देऊ नका. तुमच्या पायाने उठलेल्या भोवऱ्याने त्याचं जेवण उडून जाईल. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद. दगड उलटणं, काडीने डिवचणं, वाट अडवणं, यातलं काहीही करू नका. घाबरलेला पाईपफिश खात नाही, आणि ज्याला जठर नाही त्याचं एक जेवण चुकणं म्हणजे काय ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

एक मिनिट धरून डोक्याचे ‘टिक’ मोजा. मग वर येऊन प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहा: वेळ, भरती की ओहोटी, खोली, तळ कसला, पाणी किती हलत होतं, मिनिटाला किती टिक, दोन टिकांमध्ये मासा किती सरकला. पाणी डुचमळू लागलं की टिक कमी होतात का, तेही बघा. प्रजात ओळखता आली नाही तरी चालेल. या सात नोंदी मात्र नक्की करा.

पोटाकडेही एकदा बघा. कोरिथोइक्थिसच्या नराच्या शेपटीखाली, डोरिराम्फसच्या नराच्या धडाखाली अंडी चिकटलेली असतात. या कुळात गर्भारपण बापाकडे असतं. अंडी दिसली तर अंतर दुप्पट करा आणि लवकर निघा.

निघताना जागेची खूण पक्की करा: कुठला प्रवाळाचा ढीग, किनाऱ्यावरचं कुठलं झाड त्याच्या रेषेत येतं. कोरिथोइक्थिस फार लांब जात नाही, आपली छोटी हद्द धरून राहतो. जोडी जमलेले नर-मादी दिवसभर वेगवेगळे चरतात आणि सकाळी एकमेकांना भेटतात, अंगाला अंग लावून थोडा वेळ बरोबर पोहतात, मग पुन्हा आपापल्या वाटेने. तेव्हा दुसऱ्या दिवशी नवी जागा शोधू नका. उजाडल्यावर लवकर, त्याच झाडाच्या रेषेत, त्याच पट्टीवर जाऊन तरंगत थांबा.